तोंड उघडेना: सुरीआधी आणि सुरीनंतर

पुढे वाचण्याआधी एक करून बघा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवा, हात उभा धरा आणि ही तीन बोटं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. बोटं स्वतःचीच हवीत, कारण ज्याचा जबडा मोठा त्याची बोटंही जाड असतात. तीन बोटं आरामात गेली तर काळजी नाही. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. एकच बोट कसंबसं शिरत असेल तर जायला आधीच उशीर झालेला आहे.

डॉक्टर हेच मोजमाप पट्टीने करतात. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या पुढच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण ३५ ते ५० मिलिमीटर भरतं. हा आकडा तुम्हीही घरच्या पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवू शकता. महिन्याभराने पुन्हा मोजा. आकडा घसरत असेल तर ‘मला आपलं उगाच वाटतंय’ हा प्रश्न तिथेच मिटतो. पेशंट सहसा आकडा सांगत नाहीत. ते सांगतात की पाणीपुरी आता अख्खी तोंडात जात नाही, किंवा वडापाव चेपून खावा लागतो. ही तक्रार डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यावी अशीच असते, पण ती सांगायला माणूस येतो फार उशिरा.

तोंड न उघडण्याला बोलीभाषेत सरसकट ‘दातखिळी’ म्हणतात आणि सगळ्याला एकच उपाय असेल असं धरून चालतात. त्यामुळे ऑपरेशनबद्दल बोलण्याआधी नेमकं अडलंय कुठे हे ठरवायला हवं. जबडा मिटणारे मोठे स्नायू तीन. दात घट्ट दाबले की गालावर टणक लागतो तो पहिला. तसेच दात दाबून कानशिलावर बोट ठेवलं की हलतो तो दुसरा. तिसरा जबड्याच्या आतल्या बाजूला लपलेला असतो, बाहेरून हाताला लागत नाही. कानशिलावरच्या पंख्यासारख्या पसरलेल्या स्नायूचं टोक गालाच्या हाडामागून खाली उतरतं आणि खालच्या जबड्याच्या एका टोकदार भागाला जोडलेलं असतं. हा टोकदार भाग लक्षात ठेवा, पुढे ऑपरेशनमध्ये तो पुन्हा येणार आहे. तोंड उघडायचं तर या तिन्ही स्नायूंनी सैल पडायला हवं, कानापुढचा सांधा आधी फिरून मग पुढे सरकायला हवा आणि गालाच्या आतलं अस्तर ताणलं जायला हवं. या तिघांपैकी कुणीही अडून बसलं तरी तोंड उघडत नाही.

काल-परवापर्यंत तोंड नीट उघडत होतं आणि आज उघडत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. अक्कलदाढेभोवती पू झालेला असतो किंवा दाढ सुन्न करायला दिलेल्या इंजेक्शनने आतल्या स्नायूत थोडं रक्त साकळलेलं असतं. दाढेचा बंदोबस्त, योग्य औषध, शेक आणि हळूहळू व्यायाम यांवर हे दिवसा-आठवड्यांत सुटतं. मात्र सोबत ताप, गळ्याला किंवा जबड्याखाली सूज, थुंकी गिळायला त्रास, आवाजात बदल यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. हा संसर्ग मानेत उतरला तर श्वास अडतो. गेल्या काही आठवड्यांत कुठे खिळा किंवा काच लागलेली असेल आणि आता जबडा आवळत असेल तर धनुर्वाताची शंका घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. धनुर्वाताची सुरुवात बऱ्याचदा जबड्यापासूनच होते. अशा माणसाच्या दातांत चमचा घालून तोंड उघडायचे प्रयोग घरात होतात. ते कृपया करू नका.

सांध्याची अडचण वेगळी ओळखता येते. जांभई देताना कानापुढे ‘कट्’ आवाज यायचा, तो अचानक बंद झाला, त्याच दिवशी तोंड दोन बोटांवर अडकलं आणि उघडताना हनुवटी एका बाजूला वळते, तर सांध्यातली चकती सरकलेली असण्याची शक्यता जास्त. यात सांधा सुईने धुऊन घेण्याचा छोटा उपाय चांगला लागू पडतो, स्नायू कापण्याचा काही संबंध नाही. लहानपणी हनुवटीवर पडल्यानंतर मुलाचं तोंड वर्षागणिक कमी उघडत गेलं असेल आणि खालचा जबडा पुढे किंवा बाजूला जरासुद्धा सरकत नसेल, तर सांधाच हाडाने जुळलेला असू शकतो. त्याचं ऑपरेशन वेगळं, आणि ते लवकर करायचं असतं, कारण मुलाच्या जबड्याची वाढ त्यावर अवलंबून असते. उलट, तोंड उघडत नाही पण खालचा जबडा पुढे-बाजूला सरकतो, असं असेल तर सांधा बहुधा ठीक असतो आणि अडथळा स्नायूत किंवा अस्तरात असतो. ही परीक्षा अचूक नव्हे, तरी डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडते.

आता स्नायूंकडे येऊ. ताणतणावाने रात्री दात करकर चावणाऱ्यांचे स्नायू आखडतात, दुखतात, सकाळी तोंड उघडायला जड जातं. याला ऑपरेशन लागत नाही. दातांवर बसवायची प्लेट, शेक, व्यायाम, फार तर स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन एवढ्यात काम होतं. नुसत्या आखडलेल्या स्नायूसाठी कुणी ऑपरेशन सुचवत असेल तर दुसरं मत घ्याच.

शस्त्रक्रिया लागते ती स्नायू आखडण्यापलीकडे जाऊन त्याची जात बदलते तेव्हा. मार लागल्यानंतर कधीकधी स्नायूत चक्क हाड तयार होतं. ते पिकून स्थिर होईपर्यंत थांबून मगच काढावं लागतं. घाईने काढलं तर पुन्हा होतं. जपानमध्ये एक वेगळाच आजार नोंदला गेला आहे: चघळण्याच्या स्नायूंवरचे कंडरांचे पांढरे पडदे जाड होतात, चेहरा चौकोनी दिसू लागतो, आणि काही न दुखता तरुणपणापासून तोंड वर्षानुवर्षं हळूहळू मिटत जातं. दुखत नसल्याने माणूस डॉक्टरकडे फिरकतच नाही. तिथले सर्जन गालाच्या स्नायूवरचा जाड पडदा काढतात आणि मघाशी सांगितलेलं ते टोकदार हाडही काढतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांचे स्नायूही असेच आवळतात. त्यांच्या बाबतीत मात्र सर्जन हात आखडता घेतात, कारण रेडिएशन झालेल्या जागची जखम लवकर भरत नाही आणि हाड उघडं पडण्याची भीती असते. तुमच्या घरात कुणाचं रेडिएशन सुरू होणार असेल तर जबड्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून, शक्य तर त्याआधीच सुरू करायला सांगा. पुढचं ऑपरेशन टाळायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसलात तर तोंड न उघडणारे जे तरुण दिसतील, त्यांतल्या बहुतेकांचं कारण एकच असतं: सुपारी. नागपूर-चंद्रपूरकडे खर्रा, नगर-मराठवाड्याकडे मावा, बाकी सगळीकडे पुडी. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांत हा आजार पाहून त्याची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी इथल्या रुग्णांवर लिहिलं. ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे त्याचं रूढ नाव. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे नको तितके तयार करायला लावतं, आणि सुपारीतल्याच इतर घटकांमुळे ते धागे इतके घट्ट विणले जातात की शरीराला ते मोडता येत नाहीत. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गालाची आतली बाजू पांढुरकी दिसते, बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या लागतात. जीभ बाहेर काढायला, शिट्टी वाजवायला, गाल फुगवायला त्रास होतो. शेवटी हे धागे अस्तराखालच्या स्नायूत उतरतात, स्नायूचे तंतू झिजतात, आणि कानशिलाचा स्नायू वर्षानुवर्षं पूर्ण ताणलाच न गेल्याने आखूड होऊन बसतो. म्हणजे आजार सुरू होतो अस्तरात आणि संपतो स्नायूत. ऑपरेशन मोठं का होतं, ते यामुळे.

‘मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो,’ असं सांगणारे रोज भेटतात. या आजाराला तंबाखूची गरजच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर मसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या शेजारी-शेजारी लटकतात आणि गिऱ्हाईक त्या एकत्र करतं. जेवणानंतर मुलांच्या हातावर सुगंधी सुपारी ठेवणारी घरं आजही आहेत. पूजेतली सुपारी देवापुढेच राहू द्यावी, एवढं तरी आपण ठरवायला हरकत नाही.

ऑपरेशन कधी? १९९५ साली मुंबईच्या खन्ना आणि अंद्रादे या सर्जनांनी १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी केलेले गट आजही वापरात आहेत. तोंड ३५ मिलिमीटरच्या वर उघडतं तो पहिला गट, २६ ते ३५ दुसरा, १५ ते २५ तिसरा, आणि १५ च्या खाली चौथा. चौथ्यातच कर्करोगाकडे झुकलेले बदल दिसणाऱ्यांचा वेगळा उपगट आहे. पहिल्या दोन गटांत सुपारी बंद करणं, व्यायाम, जीवनसत्त्वं, लायकोपीन, आणि गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं असे उपाय करतात. तिसऱ्या-चौथ्या गटात सहसा ऑपरेशन. मधल्या सीमेवरच्यांनी घाई करू नये, असं माझं मत आहे. सुपारी सोडून तीन-चार महिने मन लावून व्यायाम केल्यावर पाच-सात मिलिमीटर मिळवलेले लोक मी पाहिलेत, आणि तेवढ्याने माणूस नीट जेवू शकतो. पण वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शनं घेत राहून आकडा जागचा हलत नसेल तर तोही मार्ग सोडावा. सुया टोचून टोचून गालात आणखी व्रण तयार होतात.

सुपारी सुरू असताना ऑपरेशन करून घेऊ नये. जो सर्जन सुपारी सोडायच्या आत तारीख द्यायला नकार देतो, त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्याच बाजूचा आहे. तंबाखू-सुपारी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा मोफत क्विटलाइन क्रमांक आहे.

तारीख ठरली की आधी तपासण्या होतात. जबड्याचा पूर्ण एक्स-रे, गरज असेल तर सीटी स्कॅन, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या. महिनोन्महिने नीट न जेवल्याने हिमोग्लोबिन घसरलेलं असतं, ते आधी भरून काढावं लागतं. गालात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर तिचा तुकडा तपासायला जायलाच हवा. तो अहवाल हातात आल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये, कारण अहवालात कर्करोग निघाला तर ऑपरेशनच बदलतं.

आणि भूलतज्ज्ञांची भेट. बहुतेक पेशंट ही भेट औपचारिकता समजतात. इथे ती सर्जनच्या भेटीइतकीच महत्त्वाची. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि एरवी ती तोंड उघडून, घशात बघून घालतात. इथे तर तोंडच उघडत नाही. म्हणून नाकातून, बारीक लवचीक दुर्बिणीच्या मदतीने, बऱ्याचदा पेशंट जागा असतानाच, घसा सुन्न करून नळी घातली जाते. ऐकायला भीतीदायक वाटतं, प्रत्यक्षात नीट समजावून सांगितलेलं असेल तर माणूस सहन करतो. ही दुर्बीण रुग्णालयात आहे का आणि ती वापरणारे भूलतज्ज्ञ त्या दिवशी हजर असतील का, हे विचारायला संकोच करू नका. नसेल तर दुसरं रुग्णालय शोधा. क्वचित गळ्यावर छेद देऊन नळी घालायची वेळ येऊ शकते; त्या संमतिपत्रावर सही घेतली म्हणून घाबरू नका, तयारी ठेवलेली असते एवढाच त्याचा अर्थ.

ऑपरेशनमध्ये काय होतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कागदावर सही करताना ‘गालातल्या दोऱ्या कापणार’ एवढंच बहुतेकांना माहीत असतं. सर्जन गालाच्या आतून, ओठाच्या कोपऱ्यामागून घशाच्या कमानीपर्यंत आडवा छेद घेतो. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात लाळेच्या नळीचं तोंड असतं. ते सांभाळून छेद त्याच्या खालून नेतात. बोटाने चाचपत एकेक दोरी कापली जाते. मग दातांमध्ये तोंड उघडायचं धातूचं साधन बसवून जबडा हळूहळू उघडतात. धागे तटातट तुटताना हाताला कळतात. दोन्ही बाजूंनी हे झालं की पट्टी लावतात. ३५ मिलिमीटर भरले तर बरंचसं काम झालं.

नाही भरले तर अडथळा अस्तरात उरलेला नाही, तो आखडलेल्या स्नायूत आहे. मग त्याच जखमेतून मागे जाऊन खालच्या जबड्याचं ते टोकदार हाड गाठतात, त्यावरून कानशिलाच्या स्नायूची पकड सोडवतात आणि हाडाचा तो तुकडा कापून काढतात. जुन्या आजारात हे दोन्ही बाजूंना बऱ्याचदा करावं लागतं. काही जणांत आतल्या तिसऱ्या स्नायूचे आवळलेले धागेही सोडवावे लागतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्यांचं जाळं असल्याने सर्जन बेताने जातो. ‘हाड काढल्यावर चावता येईल का, डॉक्टर?’ हा प्रश्न हमखास येतो. येईल. सुरुवातीला जोर कमी वाटतो, पण गालाचा आणि आतला स्नायू शाबूत असतात आणि तेच चघळण्याचं बरंच काम करतात. चेहऱ्यावरही यामुळे खड्डा वगैरे पडत नाही.

अक्कलदाढा बहुधा याच वेळी काढून टाकतात. कारण सरळ आहे: गालात नवीन अस्तर शिवल्यावर मागच्या दाढा त्यालाच चावतात.

आता प्रश्न राहतो तो उघड्या जखमेचा. गालात दोन्ही बाजूंना मोठा कच्चा भाग उघडा पडलेला असतो. तो तसाच सोडला तर भरताना आवळतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पेशंट पुन्हा पहिल्या जागी येतो. जुन्या काळी हेच व्हायचं. म्हणून तिथे ठिगळ लागतं, आणि ते कशाचं लावायचं यावर सर्जनांत एकमत नाही. सध्या सर्वांत जास्त वापरतात ती गालातलीच चरबीची गादी. तीच जखम थोडी वाढवून ती खेचून आणतात. बाहेर वण नाही, वेळ कमी, आणि तिच्यावर काही आठवड्यांत आपोआप अस्तर येतं. उणीव ही, की ती पुढे ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पुरत नाही आणि जुन्या, खंगलेल्या पेशंटमध्ये ती मुळातच थोडी असते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घडीतली कातडी आत फिरवून लावण्याची पद्धत १९८७ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली. ती भरवशाची आहे, पुढच्या भागापर्यंत पोचते, पण चेहऱ्यावर दोन वण राहतात आणि पुरुषांच्या दाढीचे केस तोंडाच्या आत वाढतात. ते कापावे किंवा लेसरने घालवावे लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे नंतर वैतागलेले पेशंट बघितलेत. मांडीची पातळ कातडी लावली तर ती आवळण्याची खोड सोडत नाही. हाताच्या मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली जोडणं हा मोठा उपाय, लांब चालणारा आणि मोजक्याच केंद्रांत होणारा. छोट्या जखमांना कोलॅजनची तयार चकती पुरते.

तुमच्या सर्जनला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. माझ्या बाबतीत अडथळा अस्तरात आहे, स्नायूत की दोन्हीत? हाडाचा तुकडा काढावा लागेल का? ठिगळ कुठलं, आणि तेच का? नाकातून नळीने किती दिवस खावं लागेल? व्यायाम कोण शिकवणार आणि कितव्या दिवसापासून? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल मिळालं तर मी तिथे ऑपरेशन करून घेणार नाही. बाकी सगळी तयारी उत्तम असली तरी नाही.

कारण टेबलावर भूल असताना ३५-४० मिलिमीटर तोंड उघडून दाखवणं ही या आजारातली सोपी बाजू आहे. पेशंट घरी जातो तेव्हा गालाला सूज असते, टाके ओढतात, जबडा उघडला की डोळ्यांत पाणी येतं. शहाणा माणूस अशा वेळी तोंड मिटून बसतो. नेमकं तेच इथे करायचं नसतं. जखम भरण्याचे पहिले काही महिने शरीर नवीन धागे तयार करत असतं, आणि त्या काळात जबडा जेवढा उघडा राहील तेवढाच तो पुढे उघडतो.

व्यायाम कधी सुरू करायचा हे ठिगळावर अवलंबून असतं. काही सर्जन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हलक्या हालचाली सुरू करतात, कातडीचं ठिगळ असेल तर आठवडा-दहा दिवस थांबायला सांगतात. ती तारीख स्वतः पुढे-मागे करू नका. साधनांत जबडा उघडण्याचा स्क्रूचा चिमटा मिळतो, पण सर्वांत चांगलं, स्वस्त आणि खेडोपाडी मिळणारं साधन म्हणजे आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. एक काडी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड असते. समजा तुमचं तोंड आज बारा काड्यांएवढं उघडतं. बारा काड्यांची थप्पी रबरबँडने बांधा, गरम पाण्याने चूळ भरून जबडा शेका, आणि थप्पी एका बाजूच्या दाढांमध्ये सरकवा. पुढच्या दातांमध्ये नको. तिथे तरफेसारखा जोर पडून ते हलायला लागतात. आता तेरावी काडी थप्पीच्या मधोमध घुसवा. इथे दुखेल. काडी आत गेल्यावर मिनिटभर श्वास घेत शांत बसायचं, दुखणं ओसरतं. मग दुसरी बाजू. असं दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं. काड्या रोज बदला, एकदा ओल्या झालेल्या काड्या फुगतात आणि मापही चुकतं. टाके तटकन तुटल्यासारखं वाटलं, ताजं रक्त आलं किंवा दात हलू लागला तर थांबून डॉक्टरांना दाखवा. नुसतं दुखतंय म्हणून थांबू नका. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला बहुतेक डॉक्टर सांगतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून तसं करा.

हे किमान सहा महिने, आणि बरेच सर्जन म्हणतात वर्षभर. रोजच्या काड्यांचा आकडा वहीत लिहायचा. घरातल्या एकाने, बायकोने किंवा आईने, ती वही रोज संध्याकाळी बघायची. हा भाग डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीत लिहीत नाहीत, पण ज्यांच्या घरात कुणी वही बघणारं असतं त्यांचे आकडे टिकतात, हे मी खात्रीने सांगू शकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक नेहमीचं वाक्य ऐकू येतं: ‘डॉक्टर, आता बरं वाटतंय, जेवताही येतं, बंद करू का?’ सूज उतरलेली असते, टाके गेलेले असतात, माणूस कामावर रुजू झालेला असतो. नेमक्या याच आठवड्यांत आतलं आवळणं जोरात असतं. इथे सोडलं की दीड महिन्यात पाच मिलिमीटर जातात, आणि ते परत मिळवणं पहिल्यापेक्षा अवघड. दुसऱ्यांदा केलेलं ऑपरेशन पहिल्याइतकं कधीच देत नाही. गालात वापरण्याजोगं ठिगळही तोवर संपलेलं असतं.

खाण्याचं थोडक्यात: पहिले काही दिवस पातळ, मग मऊ भात, खिमट, मुगाचं वरण, अंडं, दूध, ताक. तिखट आणि गरम टाळा. प्रत्येक खाण्यानंतर चूळ. दारू आणि विडी जखमेला मारक आहेत, आणि हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

खर्चाचं बोलायला हवं. खासगी रुग्णालयात ठिगळाच्या प्रकारावर आणि किती तास लागतील यावर बिल ठरतं, तेव्हा आधी लेखी अंदाज मागा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथल्या मुख शल्यचिकित्सा विभागांत ही ऑपरेशनं होतात. वाट बघावी लागते, पण हाताखालून गेलेले पेशंट जास्त असल्याने अनुभवही दांडगा असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन आधीच विचारा. भरती झाल्यावर विचाराल तर कागदपत्रांसाठी धावाधाव होते.

एक गोष्ट ऑपरेशनने बदलत नाही, आणि ती पेशंटला स्पष्ट सांगायला हवी. तोंड उघडलं म्हणजे आजार गेला असं नाही. सुपारीने बदललेलं अस्तर घशात, टाळूवर, जिभेखाली तसंच असतं. केरळमध्ये सतरा वर्षं ज्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला. सुपारी सोडली तरी हा धोका शून्यावर येत नाही. उलट तोंड उघडण्याचा मोठा फायदा हाच, की आता डॉक्टरांना आत नीट बघता येतं आणि चट्टा लवकर सापडू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी आणि पुढे आयुष्यभर निदान सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवून यायचं. काही दुखत नसलं तरीही. जाताना काड्यांची वही बरोबर न्या, आणि मधल्या काळात गालात पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात जा.